मातीतल्या मोटारींचा शिल्पकार

विशेष प्रतिनिधी

मोटारींच्या लहान प्रतिकृती जमवण्याचा छंद जगभर आहे. मात्र विकत आणलेली प्रतिकृती काचेच्या कपाटात ठेवून ज्यांचे समाधान होत नाही, अशा छांदिष्टांचा एक वेगळाच वर्ग आहे. एकास चोवीस किंवा एकास अठरा या प्रमाणातील, टप उघडता येणारी एखादी जुनी अमेरिकन मोटार ते आणतात आणि तळाचे स्क्रू काढून ती पूर्ण मोकळी करतात. मूळची चाके बाजूला ठेवून दुसऱ्याच उत्पादकाने बनवलेली चाके बसवतात. पुढची प्लॅस्टिकची जाळी जाऊन तेथे पितळेच्या पातळ पत्र्यात आम्लाने कोरलेली जाळी येते. बॉनेट रेझिनमध्ये ओतलेले असते, गालिचा मखमली भुकटीचा असतो आणि क्रोमची चकाकी धातूच्या वर्खाची असते. सांधे लांबी भरून सपाट केले जातात आणि पॉलिश पेपरने घासून त्यांवर रंगाचे हात दिले जातात. कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेल्या वस्तूची अशी एक एकमेव वस्तू तयार होते.

हे सारे खऱ्या, रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींवर करणारा एक तरुण शंभर वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये होता. पुढे त्याने तीच पद्धत जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीत नेली आणि विसाव्या शतकातील मोटारीचा चेहरामोहरा बदलून टाकला. हार्ले अर्ल हे त्याचे नाव. टेबलावरची प्रतिकृती आणि रस्त्यावरची मोटार यांचे नाते त्यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी जाणले असेल. त्या नात्यातील धोकाही त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांत ठळकपणे दिसतो.

हार्ले अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथे झाला. वडील जेकब विल्यम अर्ल हे घोडागाड्या बांधणारे कसबी कारागीर होते. १८८९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा कारखाना काढला होता. घोड्यांचे दिवस सरत चालल्याचे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी कारखान्याचे नाव बदलले आणि मोटारींच्या कामाला हात घातला. त्या काळात मोटार विकत घेतली तरी ती पूर्ण असेच असे नाही. गिऱ्हाईक मोटार घेऊन अशा कारखान्यात येई आणि आपल्या गरजेनुसार भाग बसवून घेई. अर्ल यांचा कारखाना असे सुटे भाग आणि जोडसाहित्य करून देई, तसेच गिऱ्हाइकाच्या पसंतीची संपूर्ण बॉडीही बांधून देई. मूळ उत्पादकाने केलेले काम हा शेवटचा शब्द नव्हे, हा संस्कार हार्ले यांच्यावर असा घरातच झाला.

मातीशी त्यांची ओळखही लहानपणीचीच. उन्हाळी सुटीत कुटुंब डोंगरात मुक्कामाला असताना जोरदार पाऊस पडला, एका खोलगट जागी चिकणमाती साचली आणि या मुलाने तिच्यातून मोटारींमागून मोटारी घडवल्या, अशी आठवण त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेले. मात्र पायाला झालेली दुखापत चिघळल्याने त्यांना घरी परतावे लागले. बरे होता होता ते वडिलांच्या कारखान्यात रमले आणि पदवीचा विचार कायमचा मागे पडला.

हॉलिवूडमध्ये तेव्हा चित्रपटांचा धंदा भरभराटीला येत होता. नव्याने पैसा हाती आलेल्या नटांना चारचौघांसारखी मोटार नको होती. विनोदी नट रॉस्को अर्बकल यांच्यासाठी अर्ल यांनी बांधलेल्या मोटारीची चर्चा सर्वत्र झाली. घोडेस्वारीच्या चित्रपटांचे नायक टॉम मिक्स यांच्या मोटारीवर तर त्यांनी चक्क चामड्याचे खोगीर बसवले. १९१९ मध्ये कॅडिलॅक मोटारींचे कॅलिफोर्नियातील बडे विक्रेते डॉन ली यांनी हा कारखाना विकत घेतला. तरुण हार्ले यांना त्यांनी रचनेच्या कामाचे प्रमुख म्हणून कायम ठेवले.

येथेच लॉरेन्स फिशर यांची नजर त्यांच्यावर पडली. फिशर हे कॅडिलॅकचे प्रमुख होते आणि मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या प्रसिद्ध फिशर बंधूंपैकी एक. अर्ल यांच्या कामातील दोन गोष्टी त्यांना विशेष वाटल्या. एक म्हणजे अर्ल बॉनेट, मडगार्ड, दिवे, दारे हे सर्व एकाच आकाराचे अवयव मानून मोटारीची कल्पना करीत. दुसरी गोष्ट म्हणजे ते नमुना मातीत घडवीत. इतरत्र लाकूड तासून किंवा पत्रा ठोकून नमुने केले जात. पत्र्याला एकदा बाक दिला की तो बदलणे जिकिरीचे असते. मातीत मात्र सकाळी केलेली वक्ररेषा दुपारी बदलता येते, आवडली नाही तर संध्याकाळी पूर्ववत करता येते. चूक स्वस्त झाली की माणूस धाडसी होतो, हे अर्ल यांच्या पद्धतीचे खरे मर्म होते.

कॅडिलॅकपेक्षा थोडी स्वस्त अशी ‘लासाल’ ही नवी मोटार तेव्हा घाटत होती. तिचे रूप ठरवण्यासाठी अर्ल यांना डेट्रॉइटला बोलावण्यात आले. १९२७ मध्ये लासाल बाजारात आली आणि नावाजली गेली. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच वर्षी ‘आर्ट अँड कलर’ नावाचा स्वतंत्र विभाग स्थापून त्याची सूत्रे अर्ल यांच्या हाती दिली. एका मोठ्या मोटार कंपनीत केवळ रूपाचा विचार करणारा असा कायमस्वरूपी विभाग ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

जुन्या अभियंत्यांनी या विभागाची बरीच हेटाळणी केली. मोटार चालते यंत्रावर, रंगरंगोटीवर नव्हे, असा त्यांचा रोख होता. १९२९ च्या ब्यूइकने हा संघर्ष चव्हाट्यावर आणला. अर्ल यांच्या विभागाने आखलेल्या बॉडीत कारखान्यातील मंडळींनी आपल्या सोयीसाठी काही इंचांचे फेरफार केले. त्यामुळे मोटारीच्या बाजू फुगीर दिसू लागल्या आणि लोकांनी तिला गर्भार ब्यूइक म्हणून हिणवले. रेषा थोडी जरी हलली तरी सारा आकार बिघडतो, हे अर्ल जाणत होते. येथून पुढे नमुन्यापासून उत्पादनापर्यंत आपली रेषा कोणी हलवू नये, यासाठी ते अखेरपर्यंत झगडत राहिले.

त्यांच्या काळाचा एक धागा मुंबईपर्यंतही येऊन पोहोचतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या शेवरोले तेथे जोडल्या जात आणि देशभर विकल्या जात. हे काम १९५४ पर्यंत चालले. डेट्रॉइटच्या बंद दालनात मातीवर ठरलेली वळणे मुंबईच्या रस्त्यांवर दिसत होती, ती अशी.

अर्ल यांच्या विभागात काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कल्पना आधी कागदावर येई, मग लहान प्रमाणातील नमुन्यात आणि शेवटी पूर्ण आकाराच्या नमुन्यात. त्यासाठी वापरली जाणारी माती शाडूसारखी पाण्यात मळायची नसे. तिच्यात मेण असे आणि ती भट्टीत गरम करून मऊ केली जाई. लाकडी सांगाड्यावर तिचा थर चढवला जाई आणि थंड होऊन घट्ट झाल्यावर पात्यांनी तासला जाई. वर रंगीत पातळ पापुद्रा चढवला की लांबून पाहणाऱ्याला तो रंगवलेला पत्राच वाटे. क्रोमच्या जागी चकचकीत वर्ख लावला जाई. आजचा प्रतिकृतीकार दाराच्या कडेवर धातूचा वर्ख चिकटवून काडीने घासून बसवतो, तेव्हा तो याच तंत्राची लहान आवृत्ती गिरवत असतो.

गंमत अशी की अर्ल स्वतः फारसे रेखाटन करीत नसत. सहा फुटांहून बरीच जास्त उंची, भारी पोशाख आणि तितकाच तापट स्वभाव घेऊन ते दालनात येत, नमुन्याभोवती फेरी मारत आणि कोठली रेषा किती सरकवायची ते शब्दांनी आणि हातवाऱ्यांनी सांगत. हाताखालची माणसे त्यांना वचकून असत. मोटार अधिक लांब आणि अधिक बसकी दिसली पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता.

या ध्यासाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९३८ ची ब्यूइक ‘वाय-जॉब’. ब्यूइकच्या तयार सांगाड्यावर बांधलेली ही टप उघडणारी मोटार विक्रीसाठी नव्हतीच. भविष्यातील कल्पना लोकांसमोर मांडून पाहण्यासाठी बनवलेली पहिली मोटार असे तिचे वर्णन सामान्यतः केले जाते. पुढचे दिवे झाकणाआड लपत, काचा विजेवर वरखाली होत, दारांच्या मुठी पत्र्याच्या पातळीत बसवलेल्या होत्या आणि टप मिटल्यावर धातूच्या झाकणाखाली नाहीसा होई. बाजूच्या पायऱ्या काढून टाकल्या होत्या. बसकेपणासाठी चाके अवघ्या १३ इंचांची घेतली होती. अर्ल यांनी ही मोटार प्रदर्शनात मांडून ठेवली नाही. अनेक वर्षे ते स्वतः ती रोज वापरत राहिले. १९४० मध्ये ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले. मोटारींचे रूप घडवणाऱ्या माणसाला एवढे पद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर डेट्रॉइटजवळच्या लष्करी तळावर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लॉकहीडचे पी-३८ हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान दाखवायला नेले. त्या शेपटीची आठवण १९४८ च्या कॅडिलॅकवर लहानशा पंखांच्या रूपाने उमटली. पुढची दहा-बारा वर्षे अमेरिकन मोटारींच्या मागच्या बाजूला हे पंख वाढतच गेले. १९५१ च्या ‘लासेबर’ या प्रायोगिक मोटारीत विमानाची नक्कल आणखी पुढे गेली. पावसाचे थेंब पडताच आपोआप वर येणारा टप हे तिचे खास आकर्षण होते.

मात्र छांदिष्टांच्या टेबलावर अर्ल यांची जी मोटार आजही मोठ्या हौसेने दिसते, ती म्हणजे कॉर्व्हेट. युद्धानंतर अमेरिकन तरुण इंग्लंडच्या छोट्या, उघड्या क्रीडा मोटारींच्या प्रेमात पडले होते. अशी मोटार आपल्याकडेही हवी, असे अर्ल यांनी मनावर घेतले. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात कंपनीच्या ‘मोटोरामा’ या प्रदर्शनात कॉर्व्हेट प्रथम झळकली आणि जूनअखेर तिचे उत्पादनही सुरू झाले. त्या वर्षी फक्त ३०० मोटारी बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. बॉडी पत्र्याची नव्हे, तर फायबर ग्लासची होती. आतले इंजिन आणि गिअर मात्र शेवरोलेच्या नेहमीच्या मोटारींतूनच घेतलेले होते. म्हणजे नवा देह आणि भांडारातील उसने भाग, असाच हा प्रकार होता. रूप देखणे असले तरी चाल साधारण होती. दाराला बाहेरून मूठ नव्हती आणि वर सरकणारी काचही नव्हती. १९५४ मध्ये बनलेल्या मोटारींपैकी बऱ्याच विकल्याशिवाय पडून राहिल्या. १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे इंजिन बसल्यावरच तिच्या रूपाला साजेसे बळ तिच्यात आले. केवळ वरच्या सजावटीवर मोटार तरत नाही, हा धडा यात होता.

अर्ल यांच्या कहाणीत लहान प्रतिकृतींचे स्थान एवढ्यापुरतेच नाही. फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या शाखेने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा सुरू केली होती. सुरुवातीला नेपोलियनकालीन शाही बग्गीची हुबेहूब प्रतिकृती बनवावी लागे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटारीचा एकास बारा प्रमाणातील नमुना करण्याची मुभा मिळाली. लाकूड किंवा प्लास्टर तासून, घासून, रंगवून मुले महिनोन् महिने त्यावर खपत. विजेत्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती, ही तिची मोठी मर्यादा. अर्ल यांनी पन्नासच्या दशकात आपल्या विभागात स्त्री रचनाकारांचा एक गट घेतला, त्यांना जाहीर प्रसिद्धीही दिली. पण तेव्हाही त्यांच्या वाट्याला मुख्यतः मोटारीचा अंतर्भागच आला.

१९४७ मध्ये या स्पर्धेत देशात पहिला आलेला चक जॉर्डन हा विद्यार्थी दोन वर्षांनी जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. ऑगस्ट १९५६ मध्ये, अर्ल युरोपच्या दौऱ्यावर असताना, जॉर्डन यांनी प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीच्या कुंपणाआडून १९५७ च्या नव्या मोटारी पाहिल्या. त्या सडपातळ, बसक्या आणि मोकळ्या काचांच्या होत्या. जनरल मोटर्समध्ये १९५९ साठी घडत असलेले, क्रोमने लडबडलेले नमुने त्यांच्यापुढे एकाएकी जुनाट वाटू लागले. सहकारी रचनाकार खडबडून जागे झाले आणि अर्ल यांचे उजवे हात बिल मिचेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी नव्याने काम आरंभले. अर्ल परतले तेव्हा त्यांच्या आवडीच्या नमुन्यांची जागा दुसऱ्याच आकारांनी घेतलेली होती. अवघ्या विभागाला धाकात ठेवणाऱ्या या माणसाने अखेर तो बदल स्वीकारला. बदलता येणारी माती ही त्यांचीच देणगी होती. तिच्यावर त्यांच्या शिष्यांनी त्यांचाच शब्द पुसला.

१९५८ च्या अखेरीस वयाच्या पासष्टीत अर्ल निवृत्त झाले आणि मिचेल त्यांच्या जागी आले. योगायोग असा की त्याच वर्षी प्रतिकृतींच्या दुनियेतही एक वळण आले. मोटार विक्रेत्यांसाठी लहान नमुने बनवणाऱ्या एएमटी या अमेरिकन कंपनीने एकास पंचवीस प्रमाणातील असे संच काढले, ज्यांतून एकच मोटार तीन प्रकारे जोडता येई. कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मर्जीनुसार नटवलेली. जादा जाळ्या, चाकांच्या तबकड्या, पंख हे सारे त्याच खोक्यात असे. पूर्वी हॉलिवूडचे नट जी हौस हजारो डॉलर मोजून पुरवून घेत, ती आता शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत मावू लागली. १९६८ मध्ये ‘हॉट व्हील्स’च्या पहिल्या १६ छोट्या मोटारी आल्या, त्यांचे रचनाकार हॅरी ब्रॅडली हेही जनरल मोटर्समधूनच आलेले होते. त्याच वर्षी मुलांची ती जुनी स्पर्धा बंद पडली. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे हार्ले अर्ल यांचे निधन झाले.

त्यांच्या कर्तृत्वाचे मोल करताना दुसरी बाजूही पाहायला हवी. स्लोन आणि अर्ल यांनी दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याची प्रथा रुजवली. गेल्या वर्षीची मोटार उत्तम चालत असली तरी ती जुनी वाटावी आणि मालकाने नवी घ्यावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. आतले यंत्र तेच, वरचे कपडे नवे. यात पैसा, पत्रा आणि कष्ट यांची केवढी उधळपट्टी झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षिततेवर लिहिलेल्या पुस्तकात अमेरिकन मोटार कंपन्यांवर कोरडे ओढले. रूपावर होणारा खर्च आणि सुरक्षिततेकडे होणारे दुर्लक्ष यांवर त्यांनी बोट ठेवले. पादचाऱ्यांना इजा करणारे टोकदार पंखही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत. नमुन्यावर शोभिवंत दिसणारे टोक रस्त्यावर माणसाच्या अंगात घुसू शकते, याचा विचार मातीच्या नमुन्याभोवती उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांनी केला होता.

टप उघडणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. खऱ्या मोटारीचे छप्पर कापले की तिच्या सांगाड्याचा ताठपणा कमी होतो. खालून जादा आधार न दिल्यास ती खड्ड्यांत पिळवटते आणि दारे नीट लागत नाहीत. शिवाय उलटल्यास डोक्यावर काहीच उरत नाही. प्रतिकृतीत यातले काहीच घडत नाही. तेथे छप्पर काढण्याची किंमत एवढीच की आतला भाग उघडा पडतो. मग आसनांच्या शिवणी, पट्टे, घड्याळांचे आकडे, पायाखालचा गालिचा सारे मन लावून करावे लागते. म्हणूनच अनुभवी छांदिष्ट अशी मोटार कौशल्याची कसोटी मानतात. चाके खाली दबलेली दिसावीत म्हणून आस वर सरकवला, तरी तेथे कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

अर्ल यांचा वारसा निर्मळ स्वरूपात आज कोठे असेल, तर तो या टेबलांवर आहे. तेथे कोणाला आपली धडधाकट मोटार जुनी वाटावी म्हणून काही बदलले जात नाही. उलट जुनी, तुटकी, एका चाकाची प्रतिकृती बाजारातून शोधून आणली जाते, उसने भाग जमवले जातात आणि तिला दुसरा जन्म दिला जातो. एखादी रेषा चुकली तर लांबी भरून, घासून पुन्हा सुरुवात करता येते. खऱ्या मोटारी घडवणाऱ्यांना ही सवलत मातीचा नमुना दालनाबाहेर पडेपर्यंतच असते. हार्ले अर्ल यांनी ती सवलत जगाला मिळवून दिली. तिची मुदत कोठे संपते, हे मात्र त्यांच्या मोटारींनी नंतर दाखवून दिले.